टाकणं आणि फेकणं

दुबईच्या विमानतळावर अद्वैतने माझी बॅग डाव्या हाताने उचलली. "उजव्याला आज रेस्ट, आत्या. उद्या पिच करायचंय."

माझा हा भाचा व्यावसायिक बेसबॉल खेळतो. तो पिचर (फलंदाजाकडे चेंडू भिरकावणारा) आहे. यात पोट भरतं का, असं पुण्यात मला सगळ्यांनी विचारलं. मीही विचारलं असतं, पण माझं तिकीट त्यानेच काढलं होतं.

अल मनखूलला दादाच्या घरी पोहे गरम होते आणि दादा गप्प होता. कारण जुनं आहे. दादा सुट्टीच्या दिवशी क्लब क्रिकेटचा अंपायर असायचा. सतरा वर्षांच्या अद्वैतचं कोपर वाकतंय म्हणून शारजाच्या मैदानावर त्याने पोटच्या पोराला नो-बॉल दिला. तोही तीनदा. "चेंडू टाकायचा असतो, फेकायचा नसतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. अद्वैतने क्रिकेट सोडलं आणि जिथे फेकणंच नियमात बसतं तो खेळ धरला. दादा त्याच्या एकाही सामन्याला गेला नाही. पोरगा काय करतो विचारलं, की "स्पोर्ट्समध्ये आहे" म्हणायचा. फेकतो म्हटलं तर लोक थापाड्या समजायचे, हेही खरं.

"उद्या चांगलं गेलं तर कॉन्ट्रॅक्ट, बाबा. नाहीतर खलास," अद्वैत म्हणाला.

"बघू."

"बघू नाही, येतोयस," मी दादाला दटावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सीवाल्याने आम्हाला थेट क्रिकेटच्या स्टेडियमसमोर उतरवलं. "बेसबॉल? वो क्या होता है, मॅडम?" पुन्हा टॅक्सी केली. बेसबॉलच्या मैदानापलीकडे नुसती वाळू होती. हातात करक (कडक दुधाचा चहा) घेऊन बसलो, तेवढ्यात अद्वैत मैदानात उतरला.

पहिला चेंडू सुटला आणि दादाचा उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा उठला. नो-बॉलची खूण! त्याचं त्यालाच कळलं. त्याने हात खाली घेऊन टोपी सारखी केली. पुढे फलंदाजाची बॅट हवेत फिरली तेव्हा मी "हाऊज दॅट!" ओरडले. पुढच्या रांगेतल्या फिलिपिनो बाई वळून हसल्या. दोघे बाद झाले. तिसऱ्याने चेंडू कुंपणापार मारला, आणि अद्वैतला काढून दुसरा पिचर आणला.

पार्किंगमध्ये तो एवढंच म्हणाला, "नो कॉन्ट्रॅक्ट." मला फार वाईट वाटलं. त्याच्या उजव्या हाताला बर्फाची पिशवी बांधलेली होती. दादाने त्याची किटबॅग आपल्या खांद्यावर घेतली. गाडी अल मनखूलला पोहोचली तेव्हा दादाने विचारलं, "पुढच्या वर्षी कुठे फेकणार आहेस?"

"ट्रायल्स देईन, बाबा. कुठेतरी मिळेल."

"मला तारीख सांग."

परतीच्या विमानात शेजारच्या काकांनी विचारलं, "भाचा काय करतो तिकडे?"

"फेकतो," मी म्हटलं.

काका खो खो हसले. मी हसले नाही. तो शब्द आता दादाने दिलेला होता.