वर बर्फ, खाली उन्हाळा

त्या मे महिन्यात मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं दप्तर उपसलं, उशीचा अभ्रा काढून झटकला, इतकंच काय, तिच्या बुटांतही हात घालून पाहिला. मला चॉकलेटचे कागद हवे होते. एकही सापडला नाही, म्हणून माझा संशय आणखी वाढला.

तिला मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो. जेवणाआधी इन्सुलिन टोचावंच लागतं. दोन वर्षं सगळं नीट चाललं होतं आणि अचानक मीटरवरचा आकडा खाली यायलाच तयार नाही. इंजेक्शन मी देत होते, ताट मी वाढत होते. म्हणजे पोरगी चोरून खाते, दुसरं काय? मी शाळेत गणित शिकवते. आपलं उत्तर चुकलं असेल हे मला लवकर पटत नाही.

"खरं सांग, काय खाल्लंस?"

"काहीच नाही गं आई."

"मग साखर काय हवेतून येते?"

ती उठून पुन्हा पाणी प्यायला गेली. दिवसभर पाणी पीत होती नाहीतर पडून राहत होती. चेहरा पार ओढला होता. मला भीती वाटत होती, आणि माझी भीती नेहमी रागाच्याच दारानं बाहेर पडते. तिसऱ्या दिवशी रात्री ती हळूच म्हणाली, "शेजारी पेढे खाल्ले." मला चक्क हायसं वाटलं! कारण सापडलं होतं. मी तिचं शेजारी जाणं बंद केलं आणि निवांत झोपले.

चौथ्या दिवशी सकाळी आकडा आणखी वर गेलेला. त्यात दूध नासलं, आठवड्यात तिसऱ्यांदा. मी उन्हाळ्याला आणि दूधवाल्याला एकत्रच शिव्या घातल्या. बर्फ काढायला गेले तर फ्रीजरचा खण गच्च गोठलेला, ओढता ओढेना. सासूबाई कौतुकानं बघत होत्या. त्या पाचोडहून महिनाभर राहायला आल्या होत्या आणि आल्यापासून नातीच्या औषधाची बाटली फ्रीजमधून काढून द्यायचं काम त्यांनीच घेतलं होतं. "बर्फ कसा धरलाय बघ. मशीन लई चांगलं चालतंय."

खरं तर मलाही तसंच वाटायचं. मी उलथनं घेऊन खरवडायलाही लागले होते, पण आत काही फुटलं तर, म्हणून मुकुंदवाडीच्या मेकॅनिकला फोन केला.

त्यानं आधी दारात कागद धरून दार लावलं आणि कागद ओढला. रबर ठीक होतं. मग फ्रीजरमधला मागचा पत्रा उघडला. आत बर्फाची भिंतच उभी होती आणि पंखा तिच्यात रुतून बसला होता.

"ताई, हा बर्फ न धरणारा फ्रीज हाय. यात बर्फ दिसला म्हंजे बिमारी समजायची." त्यानं मीटर लावून पाहिलं. "बर्फ वितळवायचा हीटर चालू हाय. पर कुठून तरी पाणीच लई येतंय. आन् पंखा अडकल्यावर गार वारा खाली उतरंल कसा? खाली हात लावून बघा. आठ दिवस तरी झाले असतील."

मी फ्रीजच्या खालच्या भागात हात घातला. आत कोमट होतं. आठ दिवस. दूध नासायला लागलं तेव्हापासून. आणि त्याच भागात, वरच्या फळीवर मागे, लेकीचं इन्सुलिन.

इन्सुलिनच्या डबीवर जुन्या धोतराचं ओलं फडकं घातलेलं होतं. त्याचं एक टोक, जिथून गार वारा येतो त्या मागच्या जाळीत नीट खोचलेलं. फडक्याखालच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "गावाकडं उन्हाळ्यात आम्ही खिडकीला ओलं पोतं बांधायचो. वारा कसा गार यायचा. पोरीच्या औषधाला गारवा पायजे, असं तूच म्हणलीस नव्हं? रोज चारदा भिजविते मी."

मेकॅनिक हळूच म्हणाला, "मावशी, ते पाणीच वाऱ्यासंगं वर जाऊन गोठलं की."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उष्णतेनं औषधाचा जोर गेलाय, त्या बाटल्या आधी फेका, नवीन आणून लगेच टोचा, दर दोन तासांनी साखर बघा, आणि उलटी झाली तर थेट दवाखान्यात या. मी भर उन्हात गाडी काढली आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून नवं इन्सुलिन आणलं.

पहिल्या तपासणीत आकडा हलला नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि तिच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते. सासूबाई तिचे तळपाय चोळत रडत होत्या. "माझ्याच हातानं झालं गं."

"नाही हो आई. दूध नासताना मी बघतच होते ना," मी म्हणाले. ते खरंच होतं.

दुसऱ्या तपासणीत आकडा उतरला. संध्याकाळी तिनं भूक लागली म्हणून भाकरी मागितली, तेव्हा मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "चुकलं माझं, बाळा. पण पेढे खाल्ले नव्हतेस, तर खाल्ले असं का म्हणालीस?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन दिवस खरं सांगून बघितलं ना, आई."