बाईंची वांगी आणि माझी भुकटी

"अडाणी म्हातारीची वांगी ग्रामसेवकाच्या भुकटीने वाचली." आमच्या गावाच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. तो ग्रामसेवक मीच. वाचकहो, हे श्रेय मला साफ नामंजूर आहे. ज्याने ते लिहिले, त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बाई अडाणी नव्हत्या. सडक अर्जुनीच्या बाजूला, तलावाखाली त्यांची बाडी होती, म्हणजे भाजीचा मळा. मातीचे ढेकूळ मुठीत फोडायच्या, हुंगायच्या आणि समोर पाटील असो की तहसीलदार, निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली ही गोष्ट. दसऱ्याच्या सुमारास त्यांची हिरवीगार वांगी भरदुपारी माना टाकू लागली. उपटावे तर झाड मुळांशिवाय हातात येई. मातीत हुमणी होती. बोटाएवढ्या, पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळे कुरतडत होत्या. मी सरकारी भुकटीची पिशवी घेऊन हजर झालो.

"काऊन जी, हे कायले आणली?"

"अळी मरेल, बाई."

"अन् मेलेली अळी माह्या गड्यायनं खाल्ली तं?"

त्यांचे गडी म्हणजे बगळे. मी हसून विचारले, "त्यांना मजुरी काय देता?"

"काईच नाई जी. अन् थे तुमच्यावानी भाषनबी नाई देत."

त्यांचा उपाय धान पिकवणाऱ्यांचा होता. बाडी पाण्याने तुडुंब भरायची. गुदमरलेली अळी वर येते आणि बगळा ती टिपतो. पण तलावाच्या पाण्याची त्यांच्या वाट्याला एकच पाळी उरली होती, आणि त्यांचा धानाचा तुकडा नेमका तेव्हाच निसवत होता; लोंब्या भरायला त्यालाही तेच पाणी हवे होते.

शेजारचे पाटील बांधावरून ओरडले, "धान गेलं तं खाशीन काय वो, बाई?"

"वांगे!" बाई म्हणाल्या, आणि फावड्याने पाट बाडीकडे फोडला.

घोटाभर पाण्यात फावडे खांद्यावर टाकून त्या उभ्या राहिल्या. "आले! माह्ये गडी येऊन राहिले!" वांगी उभी राहिली. धान मात्र निम्मे पोचट निघाले. हिवाळाभर बाईंनी वांगी विकून तांदूळ आणला, पण पाणी चुकीच्या जागी गेले असे एकदाही म्हणाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात पाटलांच्या बाडीत मी भुकटी टाकली. त्यांचीही वांगी वाचली, हे मी नाकारत नाही. पण तिथे तडफडत वर आलेल्या अळ्या खाऊन सात बगळे पडले. ते मी स्वतःच्या हाताने पुरले.

स्मरणिकेचे संपादक मला कळवतात की भुकटी दोन्ही बाड्यांत पडली होती आणि वयोमानाने माझा घोटाळा होत आहे. ठीक. बाई आज नाहीत. त्यांची बाडी सडक रुंद करताना गेली. माझ्या स्मरणशक्तीवर विश्वास ठेवू नका. पण संपादक महाशयांनी एवढ्याचे उत्तर द्यावे: त्या दुपारी बाईंच्या बाडीत चिखल दिसू नये इतके बगळे उतरले होते, आणि त्यांतला एकही मेला नाही.