मागं पडलेली तारीख

चुकीची तारीख मला सहन होत नाही. कुणाच्या घरी गेले आणि भिंतीवर मागच्या महिन्याचं पान तसंच दिसलं, तर चहा यायच्या आत मी उठून ते उलटते. सांगलीत आमच्या बँकेत सगळे यावरून मला चिडवतात. त्यांना काय ठाऊक, माझं लहानपण कायम मागं पडणाऱ्या तारखेच्या घरात गेलंय.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडचं. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फौजेत होते. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीवर येताना त्यांनी मिलिटरी कँटीनमधून एक घड्याळ आणलं. पोलादी पट्टा, आणि तबकडीत तारीख-वाराची छोटी खिडकी. वार हिंदीत. चावी द्यायला लागत नाही, हाताच्या हालचालीवरच चालतं, याचं गावात कोण कौतुक! सुट्टी संपली तेव्हा आण्णांनी ते आपल्या मनगटावरनं काढून आईच्या हातात चढवलं आणि म्हणाले, "हातात असलं की चालतं, काढून ठिवलं की बंद पडतं. मी येईस्तोवर चालतं ठेव." स्वतः आपलं जुनं, चावीचं घड्याळ घेऊन गेले. हे आईकडूनच इतक्यांदा ऐकलंय की मी तिथं हजर होते असं मला वाटतं.

आईनं ते चालतं ठेवलं. हिरव्या बांगड्यांच्या मागं ते भलंथोरलं पुरुषी घड्याळ. पट्टा इतका सैल की भाकरी थापताना कोपरापर्यंत सरकवावा लागे. खुरपायला गेली की बायका चेष्टा करायच्या, "आवं सायेब, सुट्टी कवा व्हणार आमची?" आईही काही कमी नव्हती. "काम उरकंल तवा," म्हणायची आणि मनगट वर करून ऐटीत वेळ बघायची. झोपेतसुद्धा घड्याळ हातात. आंघोळीपुरतं काढायची, तेही देवाच्या फळीवर ठेवून.

फक्त तारखेला ती हात लावत नसे. असल्या घड्याळाला प्रत्येक महिना एकतीस दिवसांचाच वाटतो. तीस दिवसांचा महिना सरला की एक तारखेला ते एकतीस दाखवणार. मग बाजूची चावी ओढून तारीख आपण पुढं करायची. आई करायची नाही. त्यामुळं तारीख हळूहळू मागं पडत जाई आणि फेब्रुवारीनंतर तर एकदम घसरे. वार मात्र बरोबर असे. सिद्धनाथाचा रविवारचा उपास आणि बाजाराचा दिवस तिला त्यावरून कळे, आणि तिला तेवढं पुरे होतं. शाळेत जायला लागल्यावर मी शहाणपणा करून तारीख दुरुस्त करायला बघायची, तर ती हात झटकायची. "ऱ्हाऊ दे. ते आलं की लावत्याल."

आण्णा यायचे ते धुळीनं माखून, ट्रंक खांद्यावर घेऊन. पाणी प्यायच्या आधी ते आईचा हात हातात घ्यायचे. चारचौघांत बायकोचा हात धरायची आमच्याकडं सोय नव्हती, पण घड्याळ बघणाऱ्याला कोण काय म्हणणार? "लय मागं पडलंय गं," ते म्हणायचे, "लय दिस झालं की मला जाऊन." मग सावकाश चावी ओढून तारीख पुढं करायचे आणि आई दुसरीकडं बघत उभी राहायची. त्या दोन मिनिटांसाठी ती महिनोन् महिने तारीख चुकीची ठेवत होती, हे मला माझं स्वतःचं लग्न झाल्यावर कळलं.

आण्णा पेन्शनीत आल्यावर घड्याळ परत त्यांच्या हातात गेलं. फौजी माणूस, एक तारखेला चहाच्या आधी तारीख तपासलीच पाहिजे. घरातली तारीख इतकी वर्षं बिनचूक राहिली की मागची गंमत आम्ही विसरूनही गेलो.

गेल्याच्या गेल्या थंडीत आण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर माझा भाऊ ते घड्याळ कपाटात ठेवायला निघाला, तर आईनं हात पुढं केला. पट्टा आता आणखीच सैल झाला होता. पुढं सणाला गेले तेव्हा तारीख चुकलेली दिसली. मी सवयीनं म्हणाले, "आई, दे, लावते." तिनं हात पदराखाली घेतला. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तारखेबाबत मी गप्प बसले, म्हणजे बघा.

यंदा उन्हाळ्यात तिचा फोन आला, "घड्याळ बंद पडलं गं." आवाज असा, की घरातलं माणूस गेलंय. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून आटपाडीमार्गे गावी गेले आणि घड्याळ सांगलीत आणून दुरुस्तीला टाकलं. आत तेल वाळलं होतं, एवढंच. घ्यायला गेले तेव्हा दुरुस्तीवाला चावी ओढून तारीख लावायला लागला, तशी मी ओरडलेच, "थांबा! आजची नको. मागची लावा."

"मागची म्हणजे कुठली?"

मी काउंटरवर बोटं मोजत बसले. कोणते महिने तिसाचे, मध्ये फेब्रुवारी किती वेळा आला. तो माझ्याकडं बघतच राहिला. "ताई, मग तारखेचं घड्याळ वापरायचं कशाला?" बँकेतल्या कुणी हे पाहिलं असतं, तर निवृत्त होईपर्यंत त्यांना विषय पुरला असता. "तुम्ही लावा हो," एवढंच मी म्हणाले.

गावी पोचले तेव्हा आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं घड्याळ हातात चढवलं, कानाला लावलं, मग डोळ्यांजवळ नेलं.

"तारीख होती तशीच मागं ठेवलीय," मी म्हणाले. खरं सांगायचं तर जरा शाबासकीच्या आशेनं.

आई त्या खिडकीकडं बघत राहिली. "बरोबर लावून आणायचीस की," ती म्हणाली. "एवढं चालतं ठिवलं, तरी बंद पडलंच न्हवं? ते काय आता यायचं न्हाईत, बाय."

आणि तिनं हात माझ्यापुढं केला. "लाव."

मी तो हात धरला, चावीला नख लावलं, पण आकडेच दिसेनात. आण्णा गेल्यापासून मी रडले नव्हते. पाहुणेरावळे, कागदपत्रं, सगळं निभावलं होतं. आईला मीच सांभाळतेय, असं समजत होते. त्या भर दुपारी ओसरीवर मी हमसून हमसून रडले. आई दुसऱ्या हातानं माझी पाठ चोळत राहिली, पण घड्याळाचा हात तिनं मागं घेतला नाही.