जुन्या खाणीवरची घरं

मी भूसर्वेक्षणाच्या सरकारी खात्यात आहे. चंद्रपूरकडच्या एका गावात अंगणाला भेग पडली, म्हणून मला पाठवलं होतं. गावाखाली कधीकाळी बंद पडलेली कोळशाची खाण होती. भेगेत लांब बांबू सोडला, तो तळाला टेकेचना.

जुने नकाशे पाहिले. खालची पोकळी अख्ख्या ओळीतल्या घरांखालून गेली होती. नेमकं कळायला यंत्रं हवी होती आणि ती नागपूरहून यायची होती. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, जागेवर तू आहेस, तूच ठरव.

मी लोकांना गोळा केलं आणि दिवस मावळायच्या आत घरं सोडायला सांगितलं. ते चिडले. नवी खाण काढायला जागा रिकामी करून घेता काय, असं एकानं विचारलं. भेग जिच्या अंगणात होती, ती म्हातारी उंबऱ्यावरून हलेना. आत तिची ओली बाळंतीण सून खाटेवर पडली होती.

"मॅडम, घर पडनच, असं लिहून देता का?"

मी मूळची इकडचीच, आरमोरीची. एवढा वेळ सांभाळलेली कचेरीतली भाषा सुटली. "नाई देऊ शकत, माय. कधी पडन, कुठी पडन, मले माहीत नाई. पन माही सून असती तर मी तिले इथी निजू दिलं नसतं."

म्हातारी उंबऱ्यावरून उठली. मग आत गेली आणि बाळाला पदराखाली घेऊन बाहेर आली. सुनेची खाट चौघांनी शाळेत नेली. तिच्यामागून बाकीचेही निघाले.

नंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. शाळेच्या व्हरांड्यात चुली पेटत होत्या, बायका मला पाहून तोंड फिरवत. मॅडमनं उगाच भेव घातलं, हे माझ्या कानावर येत होतं. रोज सकाळी भेग मोजताना मलाही वाटे, आपलं चुकलं.

यंत्रं आली. मोजणी चालू असताना, भर दुपारी, ओळीच्या टोकाचं घर सरळ खाली गेलं. त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून मी नकाशावर खूण केलेलं होतं तेच. धूळ बसल्यावर नुसता खड्डा दिसला. आत कोणी नव्हतं. सगळे शाळेत होते.

गावाला आता दुसरीकडे जागा मिळाली आहे. मी गेले की म्हातारी चहा देते आणि दर वेळी ऐकवते, "माहं घर तं अजून उभंच हाय."

मी हो म्हणते. ते खरंच उभं आहे.