शोकेसमधले आजोबा

पुणेकरांनो, उठू नका, पण जरा सावरून बसा. बातमी अत्यंत गंभीर आहे. आमच्या बुधवार पेठेत तयार शर्ट सर्वांत आधी विकायला ठेवणारे गृहस्थ आपल्याच दुकानाच्या शोकेसमधून पायउतार होणार होते.

होय, शोकेसमधूनच. नव्वदीला टेकलेले हे आजोबा रोज नवा शर्ट चढवून काचेमागे स्टुलावर निश्चल बसत. नाकावर माशी बसली तरी हलत नसत. "पुतळ्याला पोट नसतं," ते मला सांगत, "गिऱ्हाइकाला असतं. बटण कुठे ताणतंय, हे त्याला दिसायला नको?"

शेवटी त्यांच्या साठीतल्या चिरंजिवांनी प्लास्टिकचा पुतळा मागवला. "बाबा, लोक हसतात. उद्यापासून घरी बसा." त्या दिवशी आजोबांनी भांग पुन्हापुन्हा पाडला.

संध्याकाळी मी दुकानात असताना एका गिऱ्हाइकाने काचेतल्या निळ्या शर्टासाठीच हट्ट धरला. त्या रंगाचा तो एकच शर्ट उरला होता.

"काचेत दिसलं ते मिळालंच पाहिजे," म्हणत आजोबांनी तिथल्या तिथे शर्ट उतरवला, नीट घडी घालून दिला आणि नुसत्या बनियनवर स्टुलावर पुन्हा निश्चल बसले.

रस्त्यावर ही गर्दी! चिरंजीव झाकायला चादर शोधत धावले. तेवढ्यात एक बाई पिशवी सावरत आत शिरल्या आणि आजोबांकडे बोट दाखवून ओरडल्या, "अहो, तो बनियन द्या आमच्या ह्यांना! पोट अगदी तस्संच आहे!"