मोटार चालू आहे

संशय घेणं आमच्या रक्तातच आहे. भाजीवालीनं कोथिंबीर जास्त दिली तरी आमचे बाबा ती उलटीपालटी करून बघतात. मी त्यांचीच लेक. त्यामुळे माझं पीएच.डी.चं काम फारच सुरळीत दिसायला लागलं, तेव्हा पहिली शंका मलाच आली.

मी परभणीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. संशोधनाची पद्धत डिझाइन सायन्सची. म्हणजे माणसांची एखादी खरी अडचण शोधायची, तिच्यावर काहीतरी घडवायचं, ते त्यांच्या हातात द्यायचं आणि अडचण गेली का ते तपासायचं. नाही गेली तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. अडचण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. पाथरीजवळच्या आमच्या शेतात बाबांची आणि थोरल्या काकांची सामाईक विहीर आहे. मोटार एक, पाळ्या दोघांच्या. दोघांचे आखाडे, म्हणजे शेतातली घरं, शेताच्या दोन टोकांना, आणि दुसरा आपल्या पाळीचं पाणी पळवतो हा दोघांचाही पक्का समज. म्हणून ज्याची पाळी नसे तोही रोज विहिरीवर येऊन बसे. मग कुरबूर, मग एकमेकांच्या आईबापांचा उद्धार. आईबाप एकच, हे रागात ध्यानात राहत नसे. भांडून झालं की एकाच्या चंचीतली तंबाखू दुसरा मळायचा आणि ऊस, पोरांच्या नोकऱ्या, गुडघेदुखी, सगळं तिथंच बोलून व्हायचं.

मी स्टार्टरला एक डबा जोडला. मोटार लागली की आम्हा तिघांच्या मोबाइलवर निरोप यायचा, 'मोटार चालू आहे', आणि थांबली की बंदचा. आधी दोघांनी डब्यावरच संशय घेतला. काकांचं म्हणणं, पोरगी बापाची, डबा तरी कुणाच्या बाजूनं बोलणार? चष्म्याविना त्यांना निरोप वाचता येत नव्हता, म्हणून मी तो आवाजात केला. हळूहळू दोघांचाही विश्वास बसला आणि तक्रारी थांबल्या.

माझे गाईड खूश झाले. वाद शून्यावर आले, याहून चांगला निकाल कोणता, असं त्यांचं मत. मला पटेना. आमच्या दोन घरांत भांडण नाही म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मी फोनवर बाबांना विचारायची, डबा चालतोय का? ते म्हणायचे, "चालतंय." काकाही म्हणायचे, "चालतंय." आता आमच्याकडे चालतंय म्हणजे काम नीट होतंय, आणि चालतंय म्हणजे असू दे, आमचं काही म्हणणं नाही. यातलं कोणतं ते आवाजावरून ओळखायचं असतं, आणि मला ओळखता येईना. गाईड म्हणाले, तुम्ही उगाच शंकेखोर आहात. तेही खोटं नव्हतं.

मग एका बाजारच्या दिवशी पाथरीत जीपवाल्यानं बाबांना विचारलं, थोरले आता कसे आहेत? बाबा बघतच राहिले. छातीत दुखायला लागलं म्हणून त्यानंच काकांना परभणीच्या दवाखान्यात पोचवलं होतं, आणि त्याला आठवडा होत आला होता. बाबांनी मला फोन लावला तो रागातच. मला ठाऊक होतं आणि मी लपवलं, असा त्यांचा संशय. मला कुठलं ठाऊक! दवाखाना माझ्या कॉलेजपासून पायी जाण्याइतका जवळ होता. त्या सगळ्या दिवसांत डबा न चुकता बोलत होता आणि मी निर्धास्त होते. काकांच्या उसाला पाणी काकूचा भाऊ देत होता. काका गेले असते तरी माझ्या मोबाइलवर मोटार चालूच असती.

बाबा परभणीत आल्यावर आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. काकूनं आम्हाला बघून तोंड फिरवलं. कळवलं का नाही, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. ती म्हणाली, ज्यांना यायचंच नाही त्यांना काय कळवायचं?

बाबा खाटेजवळ नुसते उभे होते. काकाच बोलले.

"विहिरीवर येनं सोडलास. मला वाटलं, तुझ्या मनात कायतरी हाय."

"मोटार चालू म्हून निरोप यायलाय रोज," बाबा म्हणाले. "मला वाटलं, दादा ठणठणीत हायेत. पाणी द्यायलेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला सोसवेना. डबा उद्याच काढते, म्हणाले मी, आणि बोलता बोलता रडूच आलं.

"राहू दे माय, चांगला हाय," काका म्हणाले. मग बाबांकडे वळून, "पर तू येत जा."

बाबांनी स्टूल ओढलं आणि खाटेला खेटून बसले. चेहरा होता होईल तेवढा कडक करून ते म्हणाले, "यावंच लागंल. तुमच्या मेव्हण्यावर माझा लय भरवसा न्हाई."