उणिवांचा रकाना

तिला मासिकाच्या ऑफिसात तक्तेबाई म्हणायचे. ऑफिसात म्हणजे फोनवर, कारण ऑफिस तिने आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. बाकी बारा वर्षं ती घरातल्या मागच्या खोलीत बसून काम करत आली, आणि काम काय, तर खेळांचे तक्ते. कॉम्प्युटरवर संसार-संसार खेळतात ना, घर बांधायचं, माणसं करायची, त्यांना नोकऱ्या लावायच्या, जेवायला घालायचं, झोपवायचं, त्या खेळांना कंपनी दर सहा-आठ महिन्यांनी नवी पुरवणी काढते. आज ऋतूंची पुरवणी, उद्या कुत्र्या-मांजरांची, परवा नोकरी-धंद्याची. लोक विचारतात, यातली घेण्यासारखी कुठली? तर डावीकडे बलस्थानं, उजवीकडे उणिवा, असा तक्ता करून सांगायचं काम हिचं.

हसू नका. ती हे काम डोळ्यांत तेल घालून करायची. ऋतूंच्या पुरवणीबद्दल तिने लिहिलं होतं, की बर्फ सुरेख पडतो, पण बर्फात माणसं पोहायचे कपडे घालून कचरा टाकायला जातात. प्राण्यांच्या पुरवणीबद्दल, की दारात कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं हे फार छान, पण कुत्रा सगळ्यांचा एवढा वेळ खातो की माणसं एकमेकांशी बोलायची राहतात. नोकरीच्या पुरवणीचं तिने तोंड भरून कौतुक केलं. आपण माणसाबरोबर थेट कामाच्या जागी जाऊ शकतो, मग आणखी काय हवं? आणि उणिवेत लिहिलं, 'खेळणाऱ्याचं घराकडे लक्ष राहत नाही.' हे वाक्य तिने स्वतः लिहिलं, स्वतः तपासलं आणि पाठवून दिलं. पुढे काही सुचलं नाही बाईला.

दुसऱ्या परीक्षकांचा तिला भारी राग. ते लोक आळशी. खेळ धड उघडून बघायचे नाहीत, आणि उणिवांचा रकाना रिकामा दिसू नये म्हणून सरसकट लिहायचे, 'किंमत जरा जास्त.' हिने ते तीन शब्द कधी लिहिले नाहीत. "किंमत जास्त ही उणीव नव्हे," ती संपादकाला ऐकवायची, "ती कुणीही लिहील. खेळात काय चुकलंय ते शोधा ना." संपादक हसायचा. त्याला दर महिन्याच्या पाच तारखेला तक्ता मिळाला की तो खूश.

तिचं सगळं नाव होतं ते तिच्या पद्धतीमुळे. दुसरे लोक दर वेळी नवं कुटुंब करून पुरवणी तपासायचे. हिचं म्हणणं, माणसं बदलली की तुलना कसली? म्हणून तिने बारा वर्षं एकच कुटुंब वापरलं. आई, बाबा, मुलगी. वय वाढणं बंद, म्हणजे मुलगी कायम बारा वर्षांची. आपल्या मनाने वागणंही बंद, म्हणजे आपण सांगितल्याशिवाय कुणी काही करणार नाही. सांगितलं तर उठायचं, सांगितलं तर बोलायचं, नाहीतर जिथे उभं केलं तिथे उभं राहायचं. या कुटुंबाला तिने आगीत घातलं, पुरात घातलं, दार नसलेल्या खोलीत कोंडून भूक किती दिवसांनी लागते ते मोजलं. आणि दर वेळी आधी कुटुंबाची एक नक्कल काढून ठेवायची, चाचणी नकलेवर करायची, मूळ कुटुंबाला फक्त शेवटी एकदा पुरवणी जोडायची.

ते मूळ कुटुंब तिने केलेलं नव्हतं. ते तिच्या लेकीने केलेलं होतं.

लेक तेव्हा बारा वर्षांची होती आणि ही घरबसल्या वकिलांचे कागद टाइप करायची. लेकीने हट्टाने हिला शेजारी बसवलं, "ही तू, हे बाबा, ही मी," म्हणून दाखवलं. आईला नेसवायला निळी साडी नव्हती म्हणून निळा झगा घातला. बाबांना चष्मा लावला, कारण खरा बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हिने चार दिवस बघितलं आणि तिला खेळातल्या चुका दिसायला लागल्या. तुलनेचा एक लेख वाचला, त्यातल्या अकरा चुका काढून संपादकाला पत्र पाठवलं, आणि संपादकाने हिलाच कामावर घेतलं. झालं. मशीन एकच. "मला आधी तपासू दे, मग तू खेळ," ही म्हणायची. लेक शाळेतून यायची, दाराशी चपलांच्या फळीवर बसायची आणि विचारायची, "झालं?" ही मान न वळवता सांगायची, "दोन मिनिटं थांब गं, आलेच." ती दोन मिनिटं कशी असतात ते घरात कामं आणणाऱ्या माणसांच्या पोरांना विचारा. लेकीने वर्षभर विचारलं असेल. मग विचारणं सोडलं.

भांडण म्हणाल तर कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान दोघी एका खोलीत आल्या असत्या. लेक विसाव्या वर्षी दुसऱ्या गावी नोकरीला गेली. महिन्याच्या एक तारखेला फोन करायची, तोही बहुधा बाबांना. आली तर पर्स मांडीवर ठेवून बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. चार वर्षांत एक रात्र राहिली नव्हती. नवऱ्याने एकदा म्हणून बघितलं, "तुझी पोर पाहुण्यासारखी बसते गं." ही म्हणाली, "तिला घाई असते." नवराही मूग गिळून बसणाऱ्यांपैकी. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

आणि त्या बुधवारी सकाळी लेकीचा फोन आला, चक्क आईला. नवी जागा घेतलीय, माझं उरलेलं सामान न्यायला रविवारी येते. मग म्हणाली, "आपलं ते कुटुंब आहे ना अजून? खेळातलं. ते पण दे. मला हवंय."

आपलं म्हणाली. एवढ्या वर्षांत पोरीने आपणहून काही मागितलं नव्हतं. हिच्या मनाने लगेच पुढची धाव घेतली. रविवारी येईल, दोघी मिळून कुटुंब उघडू, बोलता बोलता गाडीची वेळ टळेल, एक रात्र राहील. एक रात्र राहिली की पुढचं होईल सरळ. ती उठली आणि लेकीच्या पलंगावरचे खोके उतरवायला लागली, कारण मागची खोली म्हणजे मुळात लेकीचीच खोली. धुतलेली चादर घातली. दुपारी जाऊन नवा टूथब्रशसुद्धा आणला.

या सगळ्या आनंदात तिने ती एक चूक केली. महिन्याची नवी पुरवणी आली होती, नात्यांची. ती तिने नक्कल न काढता थेट मूळ कुटुंबाला जोडली. बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि ही पुरवणी अशी, की एकदा जोडली की मागे फिरता येत नाही.

या पुरवणीत नाती झिजतात. बोललं नाही तर उतरतात, आणि हिशेब मागच्या सगळ्या दिवसांचा धरला जातो. माणसावर बोट ठेवलं की पाटी उघडते. तिने मुलीवर बोट ठेवलं. पाटीवर आलं: आई – ओळखीची. त्याखाली, शेवटचं बोलणं – चार हजार तीनशे चाळीस दिवसांपूर्वी, आईने मुलीला गोष्ट सांगितली.

आधी तिला वाटलं, पुरवणीत चूक आहे. तिने सवयीने वही ओढून 'उणीव' असं लिहिलंदेखील. मग हळूहळू उलगडलं. चूक कसली? चाचण्या नकलांवर व्हायच्या, मूळ कुटुंब तसंच पडून; आणि चाचणीतही आईला मुलीशी बोलायची कधी गरजच पडली नव्हती. आग लागली की आई विझवायची, नोकरी तपासायची असली की आई कामावर जायची. मुलगी कोपऱ्यात उभी असायची. आणि ती शेवटची गोष्ट हिने सांगायला लावलेली नव्हती. ती लेकीने लावलेली होती, त्या पहिल्या वर्षात, फळीवर बसायला लागायच्या आधी.

रविवारी पोरगी हे उघडणार आणि ही पाटी वाचणार.

मग तिने तीन दिवस दुसरं काही केलं नाही. निळ्या झग्यातल्या आईला हुकूम सोडत बसली. गप्पा मार. जवळ घे. केस विंचर. पुरवणी वस्ताद होती, तेच तेच केलं की मुलगी कंटाळून तोंड फिरवायची. मग हिला कळलं की 'काय आवडतं विचार' असा एक हुकूम आहे. विचारलं. लेकीने बाराव्या वर्षी भरलेल्या आवडीनिवडी एकेक उघडल्या. चित्रं काढणं. गच्ची. गोष्टीचा शेवट आधी सांगितलेला न आवडणं. एकटं जेवणं न आवडणं. बाई वहीत लिहून घेत होती, जसं काही परक्याच्या पोरीबद्दल कुणी माहिती देतंय. तिने आईला मुलीबरोबर गच्चीवर पाठवलं, चित्रं काढायला बसवलं, तीन वेळा जेवायला एकत्र बसवलं. नवरा ताट वाढून बोलवायला आला तर म्हणाली, "तुम्ही घ्या जेवून." तो एकटाच जेवला.

शुक्रवारी 'ओळखीची'ची 'मैत्रीण' झाली. शनिवारी जवळची. जिवलग व्हायला नातं मोजणाऱ्या पट्टीचा शेवटचा तुकडा उरला होता, आणि तो भरता भरेना.

रविवारी अकराला बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं. लेक आत आली, मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. चोवीस वर्षांची पोर, खांद्यावर रिकामी पिशवी, हातात आईसाठी आणलेली कसली तरी पुडी. पडद्यावर निळ्या झग्यातली आई मुलीला गोष्ट सांगत होती. पट्टी हलत होती. आता उठलं तर गोष्ट अर्धी राहणार आणि पट्टी खाली येणार, हे बाईला पुरतं माहीत होतं. आपण हे सगळं हिच्यासाठीच करतोय, हेही माहीत होतं. म्हणून ती मान न वळवता म्हणाली, "दोन मिनिटं थांब गं, आलेच."

मागे कपाट उघडल्याचा आवाज झाला. वह्या काढल्याचा, चित्रांच्या गुंडाळ्या पिशवीत भरल्याचा. बाहेर बापलेकीचं काहीतरी हळू आवाजात बोलणं झालं, कपबशी वाजली. बाईला सगळं ऐकू येत होतं आणि प्रत्येक आवाजाला ती मनात म्हणत होती, झालंच, आता झालंच.

पट्टी भरली. पाटीवर 'जिवलग' आलं. "हे बघ," ती वळून म्हणाली, "ये ना, बघ तरी."

लेक आली. पिशवी भरलेली होती आणि पायांत चपला होत्या. तिने पडद्यावर वाकून पाटी वाचली. मग माउस घेतला आणि पाटी खाली खाली सरकवत गेली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, शेकडो ओळी, गप्पा मारल्या, जवळ घेतलं. मग एकदम चार हजार तीनशे चाळीस दिवसांचं कोरं पान. त्याखाली, 'आईने मुलीला गोष्ट सांगितली.' त्याखाली पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच. रोजची एक.

"या मी सांगायला लावलेल्या," लेक म्हणाली.

"माहितीय मला."

"आणि वरच्या तू. तीन दिवसांत."

"तुला द्यायचं म्हणून नीट करत होते गं. वाईट दिसलं असतं."

लेकीने घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. ती चिडली नाही, रडली नाही. चिडली असती तर बाईने तिचा हात तरी धरला असता.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण राहू दे आता. मला जे हवं होतं ते नाही राहिलं यात. तुला लागेल चाचणीला."

"आज राहणार आहेस ना? पलंग मोकळा केलाय. चादर घातलीय."

"बघितलं मी. दीडची गाडी आहे, आई." पुडी तिने कीबोर्डाशेजारी ठेवली. दाराशी बाबांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. फळीजवळ क्षणभर थांबली, पण ते चपलेचा पट्टा नीट करायला.

बाई खिडकीशी गेली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. नवरा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काही तरी बोलायचं होतं, बारा वर्षांचं साठलेलं. बोलला एवढंच, "जेवायला वाढू?" त्या दिवशी ती त्याच्यासमोर बसून जेवली.

पाच तारखेला तिने तक्ता पाठवला. ऋतू, प्राणी, नोकरी, नाती, चार पुरवण्या शेजारी शेजारी. नात्यांच्या पुरवणीला तिने पहिला नंबर दिला. बलस्थानं नऊ लिहिली: काही विसरत नाही, हिशेब अचूक, मनातलं ओळखते, खोटी भरपाई खपवून घेत नाही, असं सगळं. उणिवांच्या रकान्यात तीनच शब्द.

संपादकाचा लगेच फोन. तो हसत होता. "काय बाई, तुम्हीसुद्धा? 'किंमत जरा जास्त'? खेळात काही सापडलं नाही वाटतं चुकलेलं?"

"खेळात नाही सापडलं," ती म्हणाली. "छापा तसंच."